ट्यूबवर बसून गळ टाकायचाय? आधी मच्छीमार सोसायटीत जा (माझा अनुभव)

धरणात ट्यूबवर बसून गळ टाकायचा असेल तर पहिल्यांदा पाटबंधारे ऑफिसची पायरी चढू नका. मी चढलो आणि सात आठवडे गेले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

1982-83च्या सुमारास उजनीच्या फुगवट्यात, पळसदेवच्या बाजूला, आम्ही पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरायचो. पुढे एसटीच्या वर्कशॉपला लागलो आणि ते सुटलं. निवृत्तीनंतर परदेशी बनावटीच्या, खुर्चीसारख्या ट्यूबची किंमत बघितली; पेन्शनीत बसणारी नव्हती. मग ट्रकचीच घ्यायची ठरवली. हल्ली गाड्या ट्यूबलेस होत चालल्यात, त्यामुळे 10.00-20 मापाची धड ट्यूब शोधायला चार पंक्चरवाले पालथे घालावे लागले. एकाच्या टाकीत पूर्ण बुडवून, बुडबुडा नाही हे बघूनच 350 रुपये दिले.

आता राहतो पुण्याच्या पश्चिमेला. जवळच्या धरणावर जायचं, पण चोरून नाही, हे पक्कं होतं. साधा अर्ज केला, आधारची झेरॉक्स जोडली, आवक शिक्का घेतला. दोन आठवड्यांनी गेलो तर साहेब साइटवर. पुन्हा गेलो तेव्हा क्लार्क म्हणाला, "काका, पाणी आमचं, मासे आमचे नाहीत. मत्स्यव्यवसायला जा."

जिल्ह्याच्या ऑफिसला गेलो. तिथे कळलं की तलाव मच्छीमार सोसायटीला ठेक्याने दिलाय. एवढ्यावर त्यांनी मला सोसायटीकडे पाठवलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण ते म्हणाले, "आधी पाटबंधारेचं ना हरकत आणा." परत त्याच टेबलाशी. या वेळी छापील फॉर्म मिळाला. त्यात एक रकाना होता : नौकेचा प्रकार व नोंदणी क्रमांक. मी लिहिलं, "रबरी ट्यूब, नोंदणी नाही." फॉर्म परत. रकाना मोकळा सोडला, तरी परत. शेवटी "लागू नाही" लिहिलं, तर लाल पेनने त्याच्याभोवती गोल करून "खुलासा करावा" असा शेरा आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी हवा भरलेल्या ट्यूबचा खुलासा काय करायचा?

त्या दिवशी भिंतीखालच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी बसलेले गृहस्थ सोसायटीचे सचिव निघाले. त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं, दिवसाचे 100 रुपये घेतले आणि अटी सांगितल्या : फक्त गळ, जाळं नाही; भिंत आणि सांडव्यापासून लांब; लाइफ जॅकेट पाहिजेच; पाचच्या आत बाहेर; छोटा रोहू-कटला सोडून द्यायचा. दहा मिनिटांत काम झालं. पुढे म्हणाले, "पाटबंधारेला काही कळवू नका. गळवाल्यांची यादी आम्हीच दर महिन्याला देतो." म्हणजे ती यादी दर महिन्याला त्याच टेबलावर येत होती!

खर्च सांगायचा राहिला. बैठकीसाठी पट्ट्या आणि दोरी 180, पायात घालायचे वापरलेले फ्लिपर 600, गळ-तंगूस 150, नवं जॅकेट 1,200. ट्यूब धरून 2,480. यात जॅकेटचे पैसे वाचवू नका.

फ्लिपर घातल्यावर पाण्यात उलटं चालत जायचं, सरळ गेलात की तोंडावर पडाल. ट्यूब उन्हात टम्म भरू नका. थंड पाण्यात ती ढिली पडते, तेव्हा थोडी हवा मारा. भरलेली ट्यूब तापलेल्या खडकावर ठेवणं तर अजिबात नको. आणि व्हॉल्व्हवर कापडाची पट्टी गुंडाळा, नाहीतर मांडी सोलवटते.

पहिल्या दिवशी कणकेच्या गोळीवर तीन चिलापी लागल्या. एक रोहूही आला, वीतभर. तळहातावर धरला तर शेपटीने मनगटावर सपासप मारत होता. हात पाण्यात नेला आणि सोडला.