तुम्ही विचारलंत म्हणून : सासूबाई कुठे असतात?

हळदीकुंकवाला वाण हातावर ठेवता ठेवता विचारता, लिफ्टमध्ये विचारता, परवा तर भाजीच्या गाडीशी विचारलंत. "सासूबाईंना तिकडे ठेवलंय म्हणे?" त्यातलं 'तिकडे' जरा हळू आवाजात. दीड वर्ष मी "हो, बऱ्या आहेत" म्हणून पुढे सरकतेय. नवऱ्याला मात्र कुणी हे विचारत नाही. त्याला विचारतात, "आई कशी आहे रे?"

खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर कायदाच काढला. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, आईवडिलांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मग मीही तो वाचून काढला. सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर टाकलीय त्या 'अपत्यां'त मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावई येणार होते, पण ते मंजूरच झालं नाही. म्हणजे सरकारच्या यादीत मी नाहीच, तुमच्या यादीत तेवढी पहिली.

सुरुवातीला मी ठणकावून सांगायचे, तो वृद्धाश्रम नाही, असिस्टेड लिव्हिंग आहे. आंघोळ, कपडे, जेवण, संडास, उठबस, सगळ्याला हाताशी माणूस, रात्रीची नर्स, आठवड्याला डॉक्टर. आता नाही सांगत. इंग्रजी नावानं आपल्यालाच बरं वाटतं, सासूबाईंना त्याचं काय?

त्यांचं विसरणं तुम्हाला ठाऊक आहे, वॉचमननं दोनदा गेटवरून परत आणलं तेही. कडीचं ठाऊक नाही.

तिसऱ्यांदा त्या पहाटे गाऊनवर पार मुख्य रस्त्यापर्यंत गेल्या, तेव्हा मी सुतार बोलावला. त्यांच्या खोलीच्या दाराला कडी बसवायची म्हटलं. त्यानं विचारलं, "बाहेरनं?" मी म्हटलं, "बाहेरनं." पुढे काही बोलला नाही, ड्रिल लावलं.

रात्रीला ब्युरोची मावशी असायची, चार महिन्यांत पाच बदलल्या. दिवाळीला पाचवीही गावाला गेली. नवरा बंगळूरला. माझी सलग तिसरी रात्र बिनझोपेची. दोनच्या सुमारास त्यांनी दार वाजवायला सुरुवात केली. आधी अगदी हलकेच, परक्याच्या घरी वाजवतात तसं. "कुणी आहे का हो बाहेर?" मी उठले नाही. उठलं की काय होतं ते मला पाठ होतं: "घरी जायचंय." "आई, हेच घर आहे." "हे नव्हे." आणि मग पहाटेपर्यंत तेच. मी पंखा पाचवर केला आणि उशी कानावर घेतली. अर्ध्या-पाऊण तासानं आवाज थांबला. तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. झोप लागली, गाढ.

सहाला कडी काढली. त्या दाराशीच खाली बसलेल्या. गाऊन भरलेला, फरशी भरलेली, उजव्या हाताची दोन नखं मोडलेली. काखेत घडी केलेली साडी, जायला निघालेल्या बाईसारखी. मला बघून हात जोडले. "बाई, मी काही चोरलं नाही तुमचं. मला घरी सोडा." एकतीस वर्षं मला अगं-तुगं करणारी बाई. पाणी तापवून आंघोळ घातली, तर तांब्यागणिक म्हणत होत्या, "तुम्हाला त्रास झाला हो."

दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन आहे. या वयात ताप येईलच असं नाही, भ्रम मात्र एकदम वाढतो. मी आठ दिवस त्याला हट्ट समजत होते.

त्याच आठवड्यात तुमच्यातल्याच एकींनी फराळाचं ताट परत देताना म्हटलं होतं, "किती करतेस गं सासूचं!" कडी दारावरच होती.

निर्णय माझा. नवरा महिनाभर "बघू" म्हणत होता. फ्लॅटसाठी केलं म्हणणाऱ्यांनी हिशोब ऐकावा: तीन लाख अनामत, महिन्याला 48,000, डायपर-औषधं वेगळी. विमा यातलं काही देत नाही. त्यांची फॅमिली पेन्शन निम्म्यालाही पुरत नाही.

आणि दार? तिथंही बंदच असतं. नंबर दाबला की उघडतं, नंबर त्यांना सांगत नाहीत. मग महिन्याला 48,000 भरून मी कडीच लावली ना? कधी वाटतं, हो. पण आत अंगण आहे, गोल फिरता येतं, आणि रात्री दोनला कुणीतरी पगारावर जागं असतं. संध्याकाळ झाली की यांचं 'घरी जायचंय' सुरू होतं, उन्हं उतरली की असा गोंधळ वाढतोच या आजारात. तिथली मुलगी वाद घालत नाही. "चला आजी, चप्पल घाला," म्हणते, अंगणाच्या तीन फेऱ्या मारते आणि "आलं बघा घर" म्हणून आत आणते. इतकं सोपं. मला चार वर्षांत सुचलं नाही.

सगळं चांगलंय असंही नाही. कमरेपर्यंतचे केस, रोज खोबरेल लावून अंबाडा घालायच्या. दुसऱ्याच महिन्यात गेले तर बॉयकट! न विचारता. मी भांडले. त्यांचं म्हणणं, धुवायला सोपे पडतात. ते खरंच आहे, म्हणून आणखी राग आला. चष्मा दोनदा हरवला. एकदा अंगावर दुसऱ्याच खोलीचा नंबर घातलेला गाऊन. पाटल्या आम्हीच काढून आणल्या, सोनं ठेवत नाहीत तिथं. सत्तावन्न वर्षं हातात होत्या. मनगटावरचा पांढरा पट्टा अजून गेलेला नाही.

घरी ठेवायला हवं होतं का? चोवीस तासांची दोन माणसं परवडली असती तर? नोकरी दोन वर्षं आधी सोडली असती तर? सोडता आली असती. सोडली नाही.

मागच्या रविवारी गेले तेव्हा चहा आला होता. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, "बाई, तुम्हाला सासू आहे?"

"आहेत."

"तुमच्याकडेच असतात?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकवला.