वीन ब्रिज: २० हर्ट्झवर दुसरा हार्मोनिक काही हटेना

मंडळी, वीन ब्रिज म्हणजे साइन लहर बनवणारं ऑसिलेटर सर्किट. माझ्या सर्किटची आधी गोड बातमी. १ किलोहर्ट्झवर दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीची नको असलेली भेसळ) ८६ डीबी खाली गेलाय! जेफेटच्या (गेटच्या व्होल्टेजने रेझिस्टन्स बदलणारा ट्रान्झिस्टर) ड्रेनवरचा निम्मा व्होल्टेज गेटला मिळावा म्हणून १ मेगचे दोन रेझिस्टर टाकले आणि साउंडकार्डच्या एफएफटीवरचा (फ्रिक्वेन्सीनिहाय आलेखावरचा) तो सुळका झपकन बसला. जेफेटच्या एजीसीला (लहरीची उंची आपोआप स्थिर ठेवणाऱ्या जोडणीला) नावं ठेवणाऱ्यांनी आधी एवढं करून बघावं, मग बोलावं.

आता रड. नॉब २० हर्ट्झवर आणला की तोच हार्मोनिक फक्त ५८ डीबी खाली उगवतो. जेफेटच्या वक्रतेचा दोष असता तर तो दोन्ही टोकांना सारखाच दिसला असता, फ्रिक्वेन्सीशी तिला देणंघेणं नाही. म्हणजे चोर दुसराच आहे. स्कोप एसी कपलिंगला टाकून प्रोब गेटवर धरला, आणि सापडला. प्रत्येक आवर्तनात एक उभा चढ, मग पुढचा डायोड-झटका येईपर्यंत लांबलचक तिरपा उतार. करवतीच्या दात्यांसारखा रिपल. आउटपुटवरून गेटचा व्होल्टेज बनवणारा रेक्टिफायर हाफवेव्ह (लहरीचा एकच अर्धा भाग घेणारा), म्हणून रिपल सिग्नलच्याच फ्रिक्वेन्सीचा. जेफेटचा रेझिस्टन्स त्या तालावर डुलतो, त्यातून जाणारा सिग्नलही त्याच फ्रिक्वेन्सीचा, आणि दोघांच्या गुणाकारातून दुप्पट फ्रिक्वेन्सी बाहेर पडते.

मग फिल्टरचा कपॅसिटर १ मायक्रोवरून १० वर नेला. रिपल आटला, पण नॉब जरा हलवला की ट्रेस फुगतो, आक्रसतो, पुन्हा फुगतो आणि कितीतरी वेळ हेलकावे खात राहतो. फुलवेव्ह करून पाहिलं. रिपल दुप्पट फ्रिक्वेन्सीला गेला आणि दुसऱ्याच्या जागी तिसरा हार्मोनिक हजर! एकूण डिस्टॉर्शन कमी झालं हे खरं, पण मला हवं तेवढं नाही.

जेफेटऐवजी बल्बने उंची स्थिर ठेवणारे बल्बवाले आता गालात हसत असतील. हसू नका. बिल ह्यूलेटने १९३९ च्या प्रबंधात बल्ब वापरला ती युक्ती देखणीच आहे, पण तिथेही दुखणं हेच. फ्रिक्वेन्सी खूप खाली आली की फिलामेंटचं तापमान लहरीबरोबर वरखाली व्हायला लागतं आणि तिसरा हार्मोनिक येतो. शिवाय बल्बचा हेलकावा आपल्या हातात नसतो, आरसीचा निदान बदलता तरी येतो.

त्यात ड्युअल गँग पॉटचा (एकाच दांड्यावर फिरणाऱ्या दोन बदलत्या रेझिस्टरांचा) त्रास वेगळाच. ऑसिलेशन टिकायला लागणारा गेन म्हणजे १ + आर१/आर२ + सी२/सी१ (आर१, सी१ सिरीजमधले, आर२, सी२ पॅरललमधले). दोन ट्रॅकमध्ये ५ टक्के फरक पडला की ३ चे ३.०५ होतात. डिस्टॉर्शन कमी राहावं म्हणून जेफेटचा ताबा मी मुद्दाम चिमूटभरच ठेवलाय, त्यामुळे पॉटच्या एका कोपऱ्यात ऑसिलेशन चक्क मरतं. ताबा वाढवला तर जेफेटवरचा व्होल्टेज वाढतो आणि वर मिळवलेले डीबी परत जातात. पॉट विकणारे 'मॅच्ड' लिहितात त्यावर माझा विश्वास नाही, मीटर लावून सगळा प्रवास स्वतः मोजा. जे११२ या जेफेटचंही तसंच, पिंच-ऑफ (तो पूर्ण बंद होतो तो गेट व्होल्टेज) १ ते ५ व्होल्टांत कुठेही असतो.

मधल्या वेळात दोन किरकोळ विजय. खालच्या रेंजचे एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर काढून पॉलिप्रॉपिलीन लावले, तिसरा हार्मोनिक लगेच उतरला. एक्स७आरची कपॅसिटी व्होल्टेजबरोबर बदलते, ऑसिलेटरच्या मुख्य आरसीत त्याला जागाच देऊ नये. आणि स्क्वेअर-ट्रँगलच्या बोर्डवरचा ७४१ ऑप-अँप गेला, टीएल०७२ आला. ७४१ चा स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट, म्हणजे २० व्होल्ट चढायला ४० मायक्रोसेकंद. १० किलोहर्ट्झचं अख्खं आवर्तन १०० चं! कडा आता बघण्यासारख्या झाल्यात.

पुढे वीन ब्रिजलाच कपॅसिटरमागून कपॅसिटर बदलत बसणार होतो, पण विचार फिरला. स्टेट-व्हेरिएबल ऑसिलेटर करतो. दोन इंटिग्रेटर आणि एक समर, म्हणजे ०, ९० आणि १८० अंश फुकट मिळतात, चौथी फेज एका इन्व्हर्टरने. चार डायोडांनी चारही शिखरं पकडली की रिपल चौपट फ्रिक्वेन्सीला जातो. पॉटचे ट्रॅक जुळले नाहीत तरी फ्रिक्वेन्सी थोडी सरकते इतकंच, ऑसिलेशन मरत नाही.

हे लिहिता लिहिताच खोट दिसली. ट्रॅक जुळले नाहीत तर साइन आणि कोसाइनची उंची वेगळी होणार, आणि चार डायोडांच्या आउटपुटवर पुन्हा रिपल. मग डायोड हवेत कशाला? कोसाइन शून्यातून जाते त्या क्षणी साइन शिखरावर असते. कोसाइनवर एलएम३११ कंपॅरेटर, त्याच्या कडेवर काही मायक्रोसेकंदांचा पल्स, आणि तेवढ्यात साइनचं सँपल-अँड-होल्ड (त्या क्षणाचा व्होल्टेज कपॅसिटरवर धरून ठेवायचा). दोन सँपलांमध्ये व्होल्टेज जवळजवळ सपाट, रिपल नावापुरता. २० हर्ट्झला दर ५० मिलिसेकंदांनी ताजी माहिती मिळेल, तेवढी पुरे.

सँपल घेणारा स्विच म्हणून ४०६६ चालणार नाही, त्याला १८ व्होल्टांपर्यंतच सप्लाय द्यायचा आणि माझा ±१२ म्हणजे २४. डीजी४११ बघतोय. त्याच्या चार्ज इंजेक्शनचा (स्विच बंद होताना सांडणाऱ्या चार्जचा) टोचा होल्ड कपॅसिटरवर किती दिसतो हे कुणी मोजलं असेल तर कपॅसिटरच्या व्हॅल्यूसकट कळवा. मी १० नॅनोने सुरुवात करतोय.