सोडायचाच व्हता, तर धरला कशाला?

वाईजवळच्या कमळगडावर लिहायचं म्हणून बसले, पण गड दोन ओळींत संपतोय. चढलो, पावसाने झोडपलं, गेरूच्या विहिरीत पायऱ्या उतरून पाच मिनिटं थंडगार अंधारात उभे राहिलो, तांबड्या मातीने हात रंगवून घेतले आणि उतरलो. वरून म्हणे धोम धरणाचं पाणी लांबवर दिसतं. आम्हाला पुढच्या माणसाची पाठ दिसत होती. सहलीतून डोक्यात राहिलाय तो मासा.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि नवऱ्याचा मित्र, ज्यांना मी भाऊजी म्हणते. भाऊजींना गळाचा नाद. लहानपणी सांगलीत आयर्विन पुलाखाली काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधून चिलापी धरायचे. आता रॉड, रीळ आणि शंभर कप्प्यांचा एक डबा आहे, त्याला बायकोनेसुद्धा हात लावलेला चालत नाही. मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा, हे त्यांचं व्रत. सुरमईचा तुकडा ताटात आला तर दोन घेतात, पण स्वतः धरलेला मासा खायचा म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

सांगली ते पाचवड फाटा हे व्रत मी ऐकलं. रस्त्याची कामं चालू होती, त्यामुळे जरा जास्तच ऐकलं. मोठा मासा म्हणजे बहुतेक वेळा मादी, जितकी मोठी तितकी अंडी जास्त, म्हणून मोठी सोडलीच पाहिजे. गळाला उलटा काटा नको, म्हणजे तोंड फाटत नाही. माशाला हात लावायच्या आधी हात ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "वहिनी, आपण जेवढा वेळ श्वास रोखून धरू शकतो ना, तेवढाच वेळ मासा पाण्याबाहेर." कराडच्या वळणावर मी खरंच श्वास रोखून पाहिला. चाळीस सेकंदांत डोळ्यांपुढे काजवे चमकले.

पुढे साताऱ्यापर्यंत कावेरीची उपनदी काबिनी. म्हैसूरच्या वॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये तिथे १२० पौंडांचा महाशीर मासा काढला होता, म्हणजे चौपन्न किलो. भाऊजी हे सांगताना स्टिअरिंग सोडून दोन्ही हात पसरतात. नवऱ्याने मागून एवढंच विचारलं, "त्याने सोडला का?" उत्तर आलं नाही.

उतरलो होतो धोमच्या फुगवट्यावरच्या एका गावात, तात्यांकडे. नवरा वाईला नोकरीला असताना तात्यांची ओळख झाली ती टिकली. जलाशयाकाठी आता रिसॉर्टं आहेत, रात्री अकरापर्यंत गाणी लावतात आणि न्याहारीला पावाचे त्रिकोण देतात. तात्यांच्या घरी वीज दोनदा गेली, गोधडीला धुराचा वास होता आणि न्हाणीच्या दाराची कडी आतून लागत नव्हती. पुन्हा जाईन तर तिथेच जाईन. काकी पानात भाकरी वाढताना "बास" हा शब्द ऐकूच येत नसल्यासारखं करतात, एवढी एकच तक्रार.

तात्या शेतकरी, पण घरात जाळी आहेत, थर्माकोलचा तराफा आहे. जूनचा शेवट, पावसाने चार दिवस जोर धरलेला. ओढे गढूळ होऊन जलाशयात उतरत होते आणि मासे उलटे ओढ्यांत चढायला निघाले होते. चढणीचे मासे. आपल्याकडे अख्खा घाटमाथा याची वाट बघतो. पोटात अंडी घेऊन मासा उथळ, खडकाळ, वाहत्या पाण्याकडे निघतो आणि नेमका तिथेच हाताने, टोपलीने, काठीने सापडतो. समुद्रावर १ जूनच्या मासेमारीबंदीला बोटी किनाऱ्याला लागतात. ओढ्यावर कोण बोट लावणार?

त्या रात्री पडवीत भाऊजींनी तात्यांना हेच सुनावलं. चढणीचा मासा धरणं म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं भाजून खाणं. तात्यांनी ऐकून घेतलं.

"आन् तुम्ही काय करता?"

"आम्ही धरतो आणि सोडतो."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, कुणीतरी हसेल म्हणून थांबले. मग म्हणाले, "सोडायचाच व्हता, तर धरला कशाला?"

भाऊजींनी बरंच समजावलं. खेळ, माशाची ताकद, निसर्गाशी नातं. तात्या म्हणाले, "आवं, भूक लागली म्हून मारला तर मासा पन समजून घ्येईल. पर नुसतं दमवायचं, वर काढायचं, परत टाकायचं, ह्ये म्हंजी पोरानं मांजराच्या शेपटीला डबा बांधावा तसं झालं की." काकींनी आतून विषय मिटवला, "आमी बाई श्रावणात खात न्हाई." नवऱ्याने विचारलं, म्हणजे श्रावणात जाळंही नाही? तात्या मिश्कील हसले. "खात न्हाई म्हनली ती. धरत न्हाई कुठं म्हनली?"

सकाळी भाऊजींनी काकींकडून नाचणीचं पीठ मागून घेतलं. उकड काढून घट्ट मळायला सांगितलं. काकींना वाटलं पाहुण्याला भाकरी थापायची हौस आली, त्यांनी तवा तापत ठेवला. भाऊजींनी त्या उकडीचे लिंबाएवढे गोळे केले, त्यात गळ खुपसले आणि निघाले. कावेरीवर असंच करतात म्हणे. काकी तापल्या तव्याकडे बघत राहिल्या.

ओढा जिथे जलाशयाला मिळतो तिथे गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ दिसत होती. त्या रेघेवर गोळा टाकून दोन तास काही झालं नाही. मी छत्रीखाली दगडावर बसून पायाला मुंग्या आणत होते. मग रीळ ओरडलं. गळाची हौस नसलेल्यांसाठी सांगते, तो आवाज शिवणयंत्र पिसाळल्यासारखा असतो. तंगूस सरसर सुटत होता आणि भाऊजी, एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्येही आवाज न चढवणारे, "आली, आली, आली" करत चिखलातून पळत होते.

पंचवीस मिनिटं. मी घड्याळात पाहिलं. मासा लांब जायचा, ते ओढायचे, काठाशी यायचा, पुन्हा सुटायचा. शेवटी पाण्यात एक सोनेरी कूस वळली आणि तात्या हळूच म्हणाले, "खडशी हाय."

हाच आपला दख्खनी महाशीर. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या बाजूच्या नदीतल्या या माशाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचाच शब्द उचलला, खुद्री. हाताएवढी लांब होती. खवले रुपयाच्या नाण्याहून मोठे, एकावर एक कौलांसारखे बसवलेले, प्रत्येकाच्या मुळाशी काळसर छटा. पर निळसर. जाड मांसल ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. तोंड उघडायची, मिटायची, उघडायची. सुंदर होती, हे मला नंतर कालवणाची वाटी हातात असतानाही आठवत होतं.

आता ते ओले हात. भाऊजींचे हात चिखलाने भरलेले होते, ते त्यांनी आधी पँटला कोरडे पुसले. मग तिला कल्ल्यात बोटं घालून उचललं. काट्यावर लटकवलं, सात किलो दोनशे ग्रॅम. नवऱ्याच्या हातात मोबाइल दिला. पहिल्या फोटोत भाऊजींचे डोळे मिटलेले. दुसऱ्यात तात्यांची छत्री. मग व्हिडिओ. "नमस्कार मित्रांनो" म्हणताना माशाने शेपटी मारली, चष्मा पडला, पुन्हा "नमस्कार मित्रांनो". मी नकळत श्वास रोखला होता आणि केव्हाच सोडला होता. म्हणाले, "भाऊजी, पाण्यात ठेवा ना तिला." ते म्हणाले, "एकच मिनिट, वहिनी."

मग त्यांनी ती सोडली, तेवढं मात्र अगदी नीट. गुडघाभर पाण्यात उभं राहून, दोन्ही हातांवर धरून, तोंड प्रवाहाकडे करून. तिने शेपटी हलवली, गेली. भाऊजींनी हात जोडले. खरंच जोडले, नाटक नव्हतं. डोळेही पाणावले होते.

दहा-बारा वाव अंतरावर ती वर आली. आधी कूस दिसली, मग पांढरं पोट.

कुणी काही बोललं नाही. भाऊजी पाण्यात शिरले, पण तात्या आधीच तराफ्यावर होते. त्यांनी तिला सरळ करून पाण्यात पुढेमागे केलं, दोनदा, तीनदा, आणि हात सोडला की ती पुन्हा उलटायची. मला वाटलं होतं तात्या लगेच उचलून टाकतील. पण ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. माणूस धावून धावून पोटरीत गोळे येऊन पडतो, तसंच होतं, असं भाऊजींनीच मला गाडीत सांगितलं होतं. दमलेल्या माशाच्या अंगात आम्ल साठतं, त्यात पाण्याबाहेर कल्ले मिटतात आणि श्वास मिळत नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. हेच मला खुपतं. ठाऊक नसलेल्या माणसावर रागावता येत नाही, आणि या माणसावर मला इतका राग आला होता की मी छत्री मिटून पावसात घरी चालत आले.

काकींनी मागच्या दारी राख टाकून तिला घासली. खवले उडून भिंतीला चिकटले. पोट फाडलं तर दोन्ही बाजूंना गाभोळी, म्हणजे अंडी, पिवळी, दाट, काकींच्या दोन ओंजळी भरल्या. काकी क्षणभर थांबल्या. "भरलेली व्हती गं," एवढंच म्हणाल्या आणि गाभोळी वेगळ्या वाडग्यात ठेवली. मग मला डोकं कापून घसा दाखवला. जबड्यात दात नव्हते. आत घशात होते, ओळीने. खेकडा असो की शिंपला, तिथे चेचून खायची. काकींना हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

कांदा-खोबरं चुलीत भाजून वाटलं, कांदा-लसूण मसाला, आमसुलं, वरून कच्च्या तेलाची धार. गाभोळी तव्यावर हळद-मीठ लावून. भाऊजी जेवायला आले नाहीत. पडवीत बसून डबा पुसत होते, शंभर कप्पे एकेक करून. तात्या ताट घेऊन बाहेर गेले. मला वाटलं आता टोमणा मारतील. ते म्हणाले, "खा. आता न्हाई खाल्ली तर मातीत गेली." भाऊजींनी भाकरी रश्शात बुडवून खाल्ली, तुकड्याला हात लावला नाही. तात्यांना तेवढं पुरलं.

मी दोन वाट्या खाल्ल्या. गाभोळीही खाल्ली. बारीक काटे फार, दर घासाला बोट तोंडात. चव चांगली होती. हे लिहायचं नव्हतं, पण भाऊजींना नावं ठेवून हे लपवणं बरं दिसणार नाही.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून मला वाळणकोंड आठवत राहिला. मागे वरंधा उतरून महाडकडे गेलो होतो तेव्हा सावित्रीच्या खोऱ्यातल्या त्या डोहात कुरमुरे टाकले होते. हेच मासे, हाताएवढे, काठाशी तोंडं वर करून गर्दी करतात. तिथे ते देवीचे. कुणी गळ टाकत नाही, कुणी खात नाही. कृष्णा आणि सावित्री दोन्ही महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळातल्याच. एक घाटाखाली गेली तिच्या खोऱ्यातला मासा देवाचा, एक इकडे वळली तिचा मासा आमच्या वाटीत. वाळणकोंडाला तराफा नाही आणि "नमस्कार मित्रांनो"ही नाही. पण सगळ्या नदीला देऊळ कुठून बांधणार? आणि तात्यांच्या चुलीला काय सांगणार?

सोडणं म्हणजे पुण्यच, असंही नाही. लोणावळ्याला टाटांच्या तळ्यावर गेली पन्नासेक वर्षं खडशीची पिल्लं वाढवतात, ती देशभर सोडली. खडशीचं भलं झालं. धोक्यातल्या जातींच्या यादीतून ती खाली आली. पण तीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे नारिंगी परांचा, पाठीला उंचवटा असलेला स्वतःचा महाशीर होता, काबिनीतला तो चौपन्न किलोचा त्याच कुळातला. आमच्या निळ्या पराच्या खडशीने तिथे बस्तान बसवलं आणि तो मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्याला नीट शास्त्रीय नाव मिळालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर असल्याचं जाहीर झालं. नाव ठेवायला आणि तिरडी बांधायला एकच मुहूर्त. ही गोष्ट परतीच्या वाटेत भाऊजींनीच सांगितली, पाचवड फाट्यापासून कराडपर्यंत, हलक्या आवाजात, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. मग गप्प झाले.

तात्यांच्या बाजूनेही मला फार बोलता येत नाही. निघताना त्यांचं जाळं वाळत घातलेलं पाहिलं. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, दोन बोटांची. त्यातून खडशीचं पोरही सुटणार नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मोठ्या आशीचं जाळं लावलं तर रोजचं काय खायाचं, ताई?" रोज खडशी थोडीच लागते. लागतात ती बोटभर लांबीची मासळी, वाईच्या बाजारात वाट्यावर विकायला.

काकींनी गाडीत तांदूळ, घेवडा आणि एका पुडीत राखेने स्वच्छ केलेले पाच खवले दिले, नातीने वाळवलेले. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, नवऱ्याने उशीखाली ठेवले, त्यांनी फोन करून शिव्या घातल्या.

आठवड्याने भाऊजींचा व्हिडिओ आला. मागे बासरी लावली आहे. खडशी हातात, वजन, निळे पर, मग गुडघाभर पाणी, आधाराचे दोन्ही हात, शेपटीचा फटकारा आणि ती आत जाते. तिथेच तो संपतो. खाली लोकांनी हात जोडले आहेत, हृदयं टाकली आहेत. नवऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरून विचारलं, काही लिहायचंय का.

खवल्यांची पुडी फ्रीजवर आहे. मी काही लिहिलं नाही.