गुलमर्गचं बुकिंग, भोगीची भाजी आणि माझं खरं वजन

आधीच सांगते, आम्ही डोंबिवलीचे. थंडी म्हणजे आमच्याकडे पहाटे पंखा दोनवर आणायचा आणि गोधडी पायावर घ्यायची, बास. स्कीइंगला जाऊ या हे आमच्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं २०२३ च्या दिवाळीत, भाऊबीजेला, तेही माझ्या धाकट्या भावाने, तोंडात अर्धी करंजी असताना. "ताई, बर्फात जाऊन नुसते फोटो नाही काढायचे यार, शिकून यायचं." माझा मुलगा आठवीतला, तो ताटावरून उठलाच. नवऱ्याने फक्त "किती?" विचारलं. त्याच रात्री 'मिशन बर्फ' नावाचा व्हॉट्सॅप ग्रुप निघाला आणि पुढचे तीन महिने माझं डोकं खाल्लं त्या ग्रुपने.

पहिला प्रश्न अर्थातच कुठे जायचं. परदेशाचा विषय नवऱ्याने व्हिसा फी बघूनच मिटवला. मग उरतात तीन-चार नावं. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडळ विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, उतारही छान म्हणतात, पण ऋषिकेशहून जोशीमठ म्हणजे घाटातला अख्खा दिवस, शिवाय जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून तिथला रोपवे बंद, आणि ज्या गावात लोकांच्या घरांना तडे गेलेत तिथे आपण मजा करायला जायचं हे मला काही पटेना. मनालीजवळच्या सोलंगचा विचार केला. तिथे मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा कोर्स असतो पण तो चौदा दिवसांचा, एवढी रजा कोणाला मिळते? राहिलं गुलमर्ग. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान, तिथून साधारण ५० किलोमीटर, आणि गाव २,६५० मीटरवर. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंगची संस्थाही आहे, स्वस्तात शिकवतात, पण आमच्या तारखांना जागा जमेना म्हणून खाजगी इन्स्ट्रक्टर शोधायचं ठरलं.

आता तारखा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, सगळ्यात कडक थंडीचे. भावाचं लॉजिक साधं होतं, सगळ्यात कडक थंडी म्हणजे सगळ्यात जास्त बर्फ, म्हणून १३ ते २० जानेवारी. सासूबाई म्हणाल्या, "संक्रांतीला कोण घर सोडून जातं गं?" मी म्हटलं तिळगूळ घेऊन जाऊ सोबत, तिथे वाटू. त्या काही बोलल्या नाहीत पण ज्या पद्धतीने त्यांनी जपमाळ उचलली त्यावरून मी काय ते समजले.

आणि इथे आम्ही (म्हणजे मी, उगाच आम्ही कशाला) पहिला गाढवपणा केला. एका अ‍ॅपवर हॉटेलचे दोन रेट होते, एक फुकट कॅन्सल होणारा आणि एक अजिबात पैसे परत न मिळणारा, रात्रीमागे सोळाशेचा फरक. सहा रात्री, दोन रूम. मी गृहिणी कम अकाउंटंट, माझ्या डोक्यात लगेच गुणाकार, एकोणीस हजार दोनशे वाचले! दाबलं बटण. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवणारे हात टाकले.

डिसेंबर गेला, बर्फ नाही. आम्हाला वाटलं पडेल. जानेवारी लागला, तरी नाही. मग गुलमर्गचे ते फोटो यायला लागले, तपकिरी, कोरडं गवत, मधे उभ्या असलेल्या, स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या रिकाम्या लिफ्ट. ओमर अब्दुल्लांनीसुद्धा टाकले होते तसे फोटो, तेव्हा म्हटलं हे काही नेहमीचं दिसत नाही. तोपर्यंत मला वाटायचं बर्फ थंडीने पडतो. तर नाही. थंडी भरपूर होती, श्रीनगरचे नळ गोठत होते, पण ढगच नव्हते. तिकडे बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, आपल्या मराठी हवामानाच्या बातम्यांत 'पश्चिमी चक्रावात' म्हणतात ना तेच, आणि त्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत ते जवळजवळ आलेच नाहीत. म्हणजे फ्रीज चालू, पण ट्रेमध्ये पाणीच नाही भरलेलं.

तोवर भावाला कोणाच्या तरी ओळखीतून एका इन्स्ट्रक्टरचा नंबर मिळाला होता. पन्नाशीचे गृहस्थ, जन्म गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टंगमर्गचा, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायला लागलो. मी १० जानेवारीला फोन केला की चाचा, बर्फ पडेल का हो १३ पर्यंत. ते हसले. म्हणाले, "दीदी, अभी आओगे तो घोड़े पे बैठ के वापस जाओगे. मत आओ." ज्या माणसाचा त्या महिन्यात एक रुपया धंदा झालेला नाही तो येऊ नका म्हणतोय, म्हणजे विषय संपला. हॉटेलवाल्याला फोन केला तर तो म्हणे मौसम बहुत अच्छा है मॅडम. अच्छा म्हणजे कडक ऊन, ते त्याने खरंच सांगितलं म्हणा.

कॅन्सल केलं. हॉटेलचे सगळे पैसे पाण्यात, विमानाच्या तारखा बदलायला माणशी चार्ज वेगळा. १४ तारखेला, जेव्हा आम्ही गुलमर्गला पोचलेले असायला हवे होतो, तेव्हा डोंबिवलीत बसून भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी खाल्लं. सासूबाईंनी मला दुसरी भाकरी वाढताना "अजून घे, प्रवासाला ताकद लागते" असं म्हटलं. हा टोमणा होता की माया, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. जानेवारीच्या अगदी शेवटी बर्फ पडायला लागला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला चाचांनी व्हिडिओ पाठवला, त्यांची काठी बर्फात मुठीपर्यंत गेलेली. तेव्हाच बुकिंग केलं, त्याआधी नाही. तारखा ११ ते १७ फेब्रुवारी. का, तर २१ ते २५ ला तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होत्या आणि त्या आठवड्यात खोली मिळाली असती तर मीच कोणाला तरी पेढे दिले असते. मुलाची युनिट टेस्ट मधेच येत होती, क्लासटीचरला चिठ्ठी लिहिली, खरं कारण लिहिलं, त्यांनी परवानगी दिली आणि येताना अक्रोड आणा म्हणाल्या.

हॉटेलला यावेळी अ‍ॅपवरून नाही, थेट फोन. कोणी जाणार असाल तर हे विचारा. गाद्यांवर इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, लाइट गेली तर जनरेटर किती वाजेपर्यंत, खोलीत बुखारी (लाकडं जाळायची शेगडी) की हीटर, आणि पाइप गोठले तर गरम पाणी बादलीने देता का. व्ह्यू कुठला हे विचारूच नका, बर्फ सगळीकडून सारखाच दिसतो. आणि हॉटेल उताराच्या जवळ हवं, कारण स्कीचे बूट घालून चालणं म्हणजे दोन पायांत दोन तुळशीवृंदावनं घालून चालणं. इन्शुरन्सचं पण बघा, आमच्या पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की साहसी खेळात हातपाय मोडला तर आमचा संबंध नाही, वेगळे पैसे भरून तेवढं जोडून घेतलं.

गोंडोलाचा किस्सा वेगळाच. गुलमर्गची केबल कार दोन टप्प्यांची, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, १९९८ पासून, आणि दुसरा २००५ पासून, तो थेट अफरवत डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटर. तिकिटं ऑनलाइन, फोटो ओळखपत्रासकट, आणि दुसऱ्या टप्प्याची भराभर संपतात. भाऊ तीन दिवसांची चौघांची दोन्ही टप्प्यांची काढायला बसला होता, पेमेंटच्या पानावर होता अक्षरशः. चाचांना सहज सांगितलं तर ते दोन सेकंद गप्प, मग म्हणाले, वरून तुम्ही खाली कसे येणार? आम्हाला कोणालाच हे सुचलं नव्हतं!! वरचा भाग तयार लोकांचा, न दाबलेला खोल बर्फ, हिमस्खलनाचा धोका, तिथे जगभरातून लोक येतात ते त्याचसाठी. नवशिक्यांचा उतार खाली गावातच, त्याला गोंडोला लागतच नाही. शेवटी एकाच दिवसाचं काढलं, बघायला.

मग चाचांनी ग्रुपवर मेसेज टाकला, सगळ्यांची उंची, वजन, वय आणि पायाचं माप पाठवा, सामान काढून ठेवतो. पायाचं माप सेंटिमीटरमध्ये, कारण स्कीच्या बुटांचे नंबर तसेच असतात, २४.५, २७ असे. रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळे भिंतीला टाच लावून उभे आणि मुलगा कंपासपेटीतली पट्टी घेऊन फरशीवर पालथा. पट्टी पंधरा सेंटिमीटरची, त्यामुळे पेन्सिलीने खूण करून दोनदा मापायचं, त्यात नवऱ्याच्या दोन पायांत एक सेंटिमीटरचा फरक निघाला. लग्नाला सोळा वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं.

आता वजन. ग्रुपवर भाऊ होता, भावजय होती (ती येणार नव्हती पण ग्रुपवर होती), चाचा तर परकेच. मी टाइप केलं ५८. कोणाला काय फरक पडतो, असं वाटलं.

प्रवासाचं फार सांगत नाही. श्रीनगरला उतरल्यावर भावाचा फोन मेला, कारण बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, हे मी त्याला चार वेळा सांगितलं होतं, पोस्टपेड चालतं, माझं चाललं. टंगमर्गला आमची गाडी सोडून चेन लावलेली गाडी घ्यावी लागली, शेवटचे १३ किलोमीटर, दोन्ही बाजूला बर्फाच्या भिंती आणि मधून काळा रस्ता. मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता, एक अक्षर बोलला नाही, डोंबिवलीत हा मुलगा गप्प बसावा म्हणून मी नवस बोलायची बाकी आहे.

दुसऱ्या दिवशी उतारावर. जॅकेट डेकॅथलॉनची, घरी पंख्याखाली ट्रायल घेताना घामाने भिजलो होतो तीच. पहिला धडा, पडायचं कसं. दुसरा, उठायचं कसं. तिसरा, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून ब्रेक मारायचा, ह्याला सगळे पिझ्झा म्हणतात, आणि स्की समांतर केल्या की वेग, ते फ्रेंच फ्राइज. अख्ख्या उतारावर "पिझ्झा, पिझ्झा, बिग पिझ्झा" असं चाललेलं असतं, एखाद्याला वाटावं डिलिव्हरीवाले शोधतायत.

मुलगा तासाभरात घसरायला लागला. नवरा हळूहळू, बँकेच्या रांगेत उभं राहावं तसा. आणि मी, जरा वळायला गेले की खट्. स्की निघून बाजूला. परत घालायची, बुटाखालचा बर्फ काठीने खरवडायचा, टाच दाबायची, दहा फूट जायचं, खट्. सहाव्यांदा झालं तेव्हा मी बर्फात बसून होते आणि माझी डावी स्की एकटीच खाली एका स्लेजवाल्याच्या पायापाशी जाऊन थांबली होती, माझ्यापेक्षा व्यवस्थित.

चाचा आले, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला अडकवतात त्या खटक्याच्या, छोट्या काचेतला आकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग मला समजावून सांगितलं की बाइंडिंग किती जोर पडल्यावर सुटायचं हे माणसाच्या वजनावर, उंचीवर, वयावर आणि बुटाच्या लांबीवर ठरतं, घट्ट असेल तर पडताना सुटत नाही आणि गुडघा जातो, सैल असेल तर उगाच सुटत राहतं. "आपका वज़न अट्ठावन लिखा है दीदी."

मी म्हटलं, हो.

"दीदी. घुटने का मामला है. सच बोलो."

मी हळूच सांगितलं. वारा होता. त्यांना ऐकू गेलं नाही. परत सांगितलं. ते कानाला हात लावून, "कितना?" वर भाऊ उभा, खाली नवरा, शेजारी दिल्लीची एक अख्खी शाळेची सहल पिझ्झा करून थांबलेली. मी ओरडले, "छियासठ!"

चाचांनी शांतपणे दोन्ही बाइंडिंगचे पुढचे-मागचे स्क्रू थोडे फिरवले, आकडे परत तपासले, माझी स्की आणून दिली. त्यानंतर ती एकदाही उगाच निघाली नाही. मी साधारण चाळीस फूट सरळ खाली आले, पिझ्झा मोठा, अजून मोठा, आणि स्लेजवाल्याच्या दोन हात अलीकडे थांबले, तो काही घाबरला नव्हता पण स्लेज त्याने उचलून घेतली होती.

रात्री इलेक्ट्रिक ब्लँकेटमध्ये शिरून, अंगाचा एकेक सांधा मोजत फोन उघडला तर मुलाने ग्रुपचं नाव बदललेलं. 'मिशन ६६'. पहिला अंगठा सासूबाईंचा होता. त्यांना ग्रुपमध्ये कोणी घेतलं, ते अजून शोधतेय.