प्रोस्टेटचे प्लॅन संगणकाला शिकवताना

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रेडिएशनचे प्लॅन मी अनेक वर्षे हाताने करत आले. हाताने म्हणजे संगणकावरच. पण गुदाशयाला किती डोस चालेल, मूत्राशयाला किती, हे आकडे ऑप्टिमायझरला, म्हणजे किरणांची मांडणी शोधणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, आपण द्यायचे, निकाल पाहायचा आणि पुन्हा बदलायचे, असे करत एका प्लॅनमध्ये अर्धा दिवस सहज जाई. त्यामुळे जुन्या प्लॅनवरून शिकून हे आकडे स्वतः ठरवणारी प्रणाली विभागात आली, तेव्हा ती सुरू करून देण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतले.

शिकवणीसाठी मी 20 फेऱ्यांत 60 ग्रे (रेडिएशनच्या डोसचे एकक) देण्याचे 42 जुने प्लॅन निवडले. लक्ष्यक्षेत्र, म्हणजे पूर्ण डोस द्यायचा भाग, गुदाशयावर किती चढते, त्यांच्यात अंतर किती आहे, हे पाहून प्रणाली गुदाशयाच्या किती भागाला किती डोस जाईल याचा आलेख आधीच वर्तवते. पहिल्या चाचणीचा प्लॅन वीस मिनिटांत झाला आणि तो हुबेहूब माझ्या प्लॅनसारखा निघाला. दुखणे नेमके तेच होते. आकडा मर्यादेत बसला की थांबायचे, आणखी कमी होतो का हे पाहायचे नाही, ही आमची घाईतली सवयही तिने इमानदारीने उचलली होती.

मग बहुतेक प्लॅन गुदाशयाचा डोस जितका खाली जाईल तितका उतरवत मी पुन्हा केले. एका रुग्णाच्या खुब्यात धातूचा सांधा होता. त्या बाजूने किरण टाळल्यामुळे त्याचा आलेख सगळ्यांहून वेगळा पडत होता, म्हणून तो वगळला. यात दोन महिने गेले. या प्लॅनवरून शिकवलेल्या नव्या मॉडेलचे प्लॅन कागदावर देखणे होते, पण फॅन्टमवर, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवायच्या मोजणीच्या साधनावर, मोजलेला डोस प्लॅनमधल्या डोसशी ताडल्यावर 3 टक्के व 2 मिलिमीटर फरकाच्या निकषात 93 टक्केच बिंदू बसले, आणि आम्हाला 95 हवे होते. मॉनिटर युनिट, म्हणजे यंत्र किती किरण सोडते याचे माप, फार वाढले होते. त्यांना मर्यादा घातल्यावर मोजमाप जुळले.

सर्वांत मोठा धडा मात्र मॉडेलबाहेरचा होता. एका रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये गुदाशय वायूने फुगला होता आणि प्रोस्टेट पुढे ढकलली गेली होती. प्रणालीने त्यावर नीटनेटका प्लॅन केला, सगळ्या निकषांपुढे हिरव्या खुणा आल्या, आणि मीही तो मंजुरीला पाठवणार होते. सहकारी तंत्रज्ञाने बाजूने घेतलेल्या छेदावर बोट ठेवून विचारले, "मॅडम, रोज एवढा वायू असेल का?" पोट साफ झाल्यावर पुन्हा स्कॅन केला, तर ग्रंथी 6 मिलिमीटर मागे सरकलेली दिसली. तो प्लॅन तसाच गेला असता, तर तिची मागची कड डोसबाहेर राहिली असती.

आता बटण दाबण्याआधी मी तोच छेद उघडते.