सोपाऱ्याचा स्तूप आणि वसई किल्ल्यातली चर्च, एका दिवसात

वसईला जाणारे बहुतेक जण थेट किल्ला गाठतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. माझं म्हणणं, सकाळी आधी नालासोपाऱ्याला उतरा. पश्चिमेला रिक्षावाल्याला स्तूप सांगा, नाही कळलं तर बुरुड राजाचा कोट म्हणा. विटांचा उंचवटा बघून हिरमुसू नका, कारण १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी हाच खोदला तेव्हा आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या आणि ८ छोट्या बुद्धमूर्ती निघाल्या होत्या. अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडेपण याच सोपारा परिसरातले. हे वाचून जा, नाहीतर खरंच काही दिसणार नाही.

मग परत ट्रेनने वसई रोड, तिथून पश्चिमेला बस किंवा शेअर रिक्षा. किल्ल्यात तिकीट नाही पण आत सावली कमी आणि अंतर बरंच, त्यामुळे पाणी आणि टोपी पाहिजेच, खायचं किल्ल्याजवळच्या पारनाक्यावरच उरकून घ्या. पावसाळ्यात हिरवंगार असतं, पण गवत उंच वाढतं आणि दगड निसरडे होतात, म्हणून मी तरी थंडीतच जा म्हणेन.

पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तोपर्यंत इथे होते, दोनशे वर्षांचं अख्खं शहर होतं हे आणि चर्च बघताना तेच डोक्यात ठेवायचं. सेंट जोसेफचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. जेझुइटांच्या (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) चर्चची दर्शनी भिंत सगळ्यात देखणी, आता ते गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखतात, हे वसईतच जन्मलेले संत, १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले. पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या चर्चमध्ये, तिथल्या जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं अजून वाचता येतात आणि लोक बूट घालून त्यावरच पोज देत उभे असतात! कृपा करून बाजूने चाला, ती माणसांची थडगी आहेत. चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि एक वाईजवळ मेणवलीला आजही टांगलेली आहे, तिकडे गेलात तर जरूर बघा.

भिंती नुसत्या पडक्या बघून निघू नका. रमेदीचं चर्च वाटेवरच आहे आणि वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, मराठीत होते, रविवारी गेलात तर ऐकायला मिळेल, फक्त मागे शांत बसा आणि मोबाईल खिशात ठेवा.

शनिवार-रविवारी किल्ल्यात प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी असते. सुट्टी मिळत असेल तर मधल्या वारी जा, सकाळी विरारकडे आणि संध्याकाळी चर्चगेटकडे, दोन्ही वेळा गर्दीच्या उलट दिशेने प्रवास होतो आणि बसायला जागा मिळते.