अवांतर कोणाला म्हणायचे?

छापील मजकूर डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी ब्रेल, ध्वनिमुद्रित आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला) वाचता येतील अशी डिजिटल पुस्तके तयार करणाऱ्या एका ग्रंथालयासाठी मी काही वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो आहे. पुस्तकाची मागणी आली की नाव, लेखक आणि आवृत्ती यांच्यापुढे आम्हाला एक रकाना भरावा लागत असे : ‘शैक्षणिक’ की ‘अवांतर’. दिसायला किरकोळ असलेल्या या रकान्यावरूनच पुस्तक महिन्याभरात हाती पडणार की वर्षभर रांगेत राहणार हे ठरत असे, कारण काम करणारे हात मोजके असतात आणि परीक्षा कोणासाठी थांबत नाही.

हा भेद कायद्याने लादलेला नाही, हे आधी सांगायला हवे. २०१३ साली स्वीकारलेला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आलेला मराकेश करार सदस्य देशांना सांगतो की, अशा वाचकांसाठी स्वामित्वहक्कधारकाच्या परवानगीविना सुलभ प्रती करण्याची मुभा आपापल्या कायद्यात ठेवा. क्रमिक पुस्तक आणि कादंबरी यांत तो फरक करत नाही. भेद येतो तो पैसा आणि मनुष्यबळ यांच्या टंचाईतून. अनुदान देणारा किती विद्यार्थ्यांची सोय झाली हे विचारतो. कोणाची दुपार चांगली गेली हे विचारण्याची त्याच्या अहवालात जागा नसते.

अभ्यास एकीकडे आणि वाचन दुसरीकडे ही वाटणीही जुनीच आहे. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने अंध वाचकांना सरकारी खर्चाने पुस्तके पुरवायला सुरुवात झाली तेव्हा ती सोय फक्त प्रौढांसाठी होती, शाळेत शिकणारी मुले तिच्यात नव्हती. त्या कायद्यातला ‘प्रौढ’ हा शब्द गळायला १९५२ साल उजाडावे लागले. उलट १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवकांनी पुस्तके ध्वनिमुद्रित करायला घेतली, ती युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना महाविद्यालयात शिकता यावे म्हणून, त्यामुळे तिथे अर्थातच पाठ्यपुस्तकांना मान होता.

ग्रंथालयशास्त्राकडून मदत मिळेल असे मला सुरुवातीला वाटले होते. पण पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ३७० या क्रमांकाखाली ‘शिक्षण’ असते ते शिकवण्याच्या शास्त्राविषयीचे. गणित ५१० मध्ये, साहित्य ८०० मध्ये. पुस्तक कशाविषयी आहे एवढे तो आकडा सांगतो. ते कोण आणि कशासाठी वाचणार आहे, हे त्याला ठाऊक असायचे कारणच नाही.

आमच्याकडे एकदा एका रहस्यकथेची मागणी आली आणि कोणाचेही दुमत न होता ती अवांतर ठरली. काही आठवड्यांनी मागणी करणाऱ्या विद्यार्थिनीचा फोन आला. ते पुस्तक तिला लोकप्रिय साहित्यावरच्या एका अभ्यासक्रमात नेमलेले होते आणि वर्गात ते निम्मे वाचूनही झाले होते. आम्ही घाईघाईने साधी प्रत तयार करून पाठवली. तेव्हा तिचा दुसरा फोन आला, आणि तो मला अधिक शिकवून गेला : “सर, बाई सांगतात एकशे बारावे पान उघडा. माझ्या फाइलमध्ये पानेच नाहीत.” पुस्तक निव्वळ गोष्ट म्हणून ऐकणाऱ्याला मध्येच उच्चारलेला पृष्ठक्रमांक खटकतो, म्हणून आम्ही ते काढून टाकत असू. वर्गात बसणाऱ्याला मात्र छापील प्रतीचे पान जिथे बदलते ती जागा फाइलमध्ये सापडलीच पाहिजे. तळटीप जागच्या जागी हवी, आकृतीचे शब्दांत वर्णन हवे. म्हणजे त्या रकान्याने रांगेतला नंबर तर ठरतोच, शिवाय पुस्तक कोणत्या पद्धतीने तयार करायचे हेही ठरते, आणि या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आम्ही एकाच शब्दात कोंबल्या होत्या.

याच्या उलटचाही अनुभव आहे. एका स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकाला शैक्षणिक म्हणून पहिला मान मिळाला. स्कॅन करून ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालीने) मिळवलेल्या मजकुरात ‘ख’चा ‘रव’ आणि ‘घ’चा ‘ध’ होणे नेहमीचेच. त्यात या पुस्तकाच्या प्रत्येक तक्त्यातले स्तंभ एकमेकांत मिसळलेले, म्हणजे ऐकणाऱ्याला नुसती आकड्यांची माळ. मी चार महिने ते तक्ते सोडवत बसलो, आणि काम संपत आले असताना अभ्यासक्रम बदलून नवी आवृत्ती बाजारात आली. माझी प्रत कोणी उघडली असेल असे मला वाटत नाही.

त्याच सुमारास उतारवयात दृष्टी गेलेल्या एका गृहस्थांनी विनोदी कथांचा संग्रह ब्रेलमध्ये मागितला होता, तो मागे पडला. ते नुकतेच ब्रेल शिकत होते. बोटांना ओळी सरावायच्या तर पुढची ओळ वाचावीशी वाटेल असा सोपा मजकूर भरपूर लागतो. त्या काळात त्यांच्यासाठी याहून शैक्षणिक पुस्तक कोणते असू शकले असते, हे मला अजून सांगता येत नाही.

आता आमच्या अर्जावर तो रकाना नाही. त्याऐवजी पुस्तक कधीपर्यंत हवे आणि पृष्ठक्रमांक, तळटिपा, आकृत्यांची वर्णने यांपैकी काय लागेल, असे दोन प्रश्न आहेत. ‘कशासाठी हवे’ हा तिसरा प्रश्न ठेवावा असे काही सहकाऱ्यांचे मत होते. मी त्याला विरोध केला, कारण डोळस वाचक कपाटातून पुस्तक काढतो तेव्हा त्याला हे कोणी विचारत नाही. त्यावर सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, कारण न विचारल्यास सगळेच ‘लवकर हवे’ असे लिहितील, आणि खरोखर परीक्षा तोंडावर आलेला मुलगा त्या गर्दीत हरवेल. तूर्त तो प्रश्न ऐच्छिक ठेवला आहे. गेल्या खेपेच्या अर्जांपैकी बऱ्याच जणांनी ती जागा कोरी सोडली होती, आणि एकाने तिथे फक्त ‘वाचायला’ असे लिहिले होते.